किशोरवयीन गटांच्या कामाचे मूल्यमापन: साधने कोणती घ्यावीत आणि ती कशी वापरावीत?

बालाघाट (प्रश्न)

नमस्कार. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील २४ गावांत आमची लहानशी संस्था किशोरवयीन मुलामुलींचे गट चालवते. अकरा ते अठरा वयाची मुले दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर जमतात. शरीराची ओळख, पैशांचा हिशोब, घरात आपले म्हणणे मांडणे, शिक्षण मध्येच न तुटू देणे आणि लग्नाचे वय या विषयांवर तिथे खेळ आणि चर्चा होतात. गट चालवणाऱ्या ताई आणि दादा त्याच गावांतले आहेत आणि त्यांतले बहुतेक जण बारावीपर्यंत शिकलेले आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही इंटरनेटवर मिळालेल्या दोन-तीन इंग्रजी प्रश्नावल्यांमधून ६२ प्रश्न निवडले, त्यांचे मराठीत भाषांतर केले, जूनमध्ये बेसलाइन (कामाआधीची पाहणी) आणि मार्चमध्ये एंडलाइन (वर्षाअखेरची पाहणी) घेतली. निकाल पाहून आम्ही गोंधळून गेलो. ‘मी घरात माझे मत मांडू शकते’ या विधानाला जूनमध्ये जवळजवळ सर्व मुलींनी ‘पूर्ण सहमत’ म्हटले होते आणि मार्चमध्ये त्यांतल्या बऱ्याच जणी ‘थोडी सहमत’वर आल्या. जूनमध्ये मान वर न करणारी एक मुलगी जानेवारीत चार मैत्रिणींना घेऊन एसटीच्या आगारात गेली आणि शाळेच्या गाडीची वेळ बदलून मिळावी म्हणून तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज देऊन आली. आमच्या आकडेवारीनुसार मात्र तिचा आत्मविश्वास वर्षभरात घटलेला आहे. देणगीदारांनी साहजिकच विचारले की असे कसे झाले, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

यंदा हे काम नीट करण्याची इच्छा आहे. युवा विकासाच्या कार्यक्रमांसाठी विश्वासार्ह आणि शक्यतो मोफत अशी मोजमापाची साधने कोणती आहेत, त्यांपैकी मराठी मुलांवर वापरलेली कोणती, आणि बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेला मोठी रक्कम देणे शक्य नसताना आम्हाला स्वतःला यातले कितपत जमेल, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

मोजपट्टी

तुमच्या मुलीचा आत्मविश्वास घटलेला नाही, तिची फूटपट्टी बदलली आहे. मूल्यमापनाच्या शास्त्रात ही ओळखीची अडचण आहे. कार्यक्रमाआधी माणसाला आपल्याला काय येत नाही याचीच कल्पना नसते, म्हणून तो स्वतःला भरपूर गुण देतो. वर्षभर शिकल्यावर त्याला त्या गोष्टीची खोली कळते आणि तो स्वतःला अधिक काटेकोरपणे मोजतो. यावर एक साधा उपाय असा की वर्षाअखेरीस एकाच बैठकीत दोन प्रश्न विचारावेत, ‘आज तू स्वतःला कुठे ठेवशील’ आणि ‘मागच्या जूनमध्ये तू कुठे होतीस असे आता वाटते’. त्यामुळे दोन्ही उत्तरे एकाच फूटपट्टीने मिळतात. या पद्धतीलाही दोष आहे. ताईला बरे वाटावे म्हणून मुले सुधारणा फुगवून सांगू शकतात, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

दुसरी अडचण ‘बरोबर उत्तर’ देण्याची आहे. ज्या ताईने वर्षभर सांगितले की मुलामुलींना समान वागणूक हवी, तीच ताई प्रश्नावली घेऊन समोर बसली तर मूल तिला काय सांगणार? हरयाणातील अभ्यास या दृष्टीने प्रत्येक संस्थेने समजून घ्यावा असा आहे. सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतील ३१४ सरकारी शाळांपैकी १५० शाळांत ब्रेकथ्रू या संस्थेने सुमारे अडीच वर्षे लिंगसमानतेवर वर्ग घेतले आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. शाळांची निवड सोडतीने झाली होती. संशोधकांनी मुलांना आधीच काही असे प्रश्न विचारले होते की त्यांवरून ‘मी किती चांगला आहे’ हे दाखवण्याची प्रत्येकाची ओढ मोजता यावी. मग ज्यांची ओढ जास्त त्यांच्यातच परिणाम दिसतो का, हे त्यांनी तपासले. कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, आणि त्या वेळी केवळ बोलणे न ऐकता मुलींना शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याची संधी दिली गेली आणि हुंड्याविरोधी निवेदनावर सही करण्याचा पर्यायही ठेवला गेला. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दृष्टिकोनातील बदल प्रमाण विचलनाच्या (मुलामुलांच्या उत्तरांत एरवी जेवढा फरक असतो त्याच्या मापाच्या) सुमारे ०.१८ पट होता, म्हणजे खरा पण माफक. इतक्या मोठ्या आणि काळजीपूर्वक केलेल्या कामाचा परिणाम एवढा असेल, तर नऊ महिन्यांत ‘आत्मविश्वास चाळीस टक्क्यांनी वाढला’ असे कोणी अहवालात लिहिले की मला आनंदाऐवजी शंका येते.

तुम्ही आगारातल्या अर्जाची जी गोष्ट सांगितलीत, ती माझ्या दृष्टीने तुमच्या ६२ प्रश्नांपेक्षा अधिक मोलाची नोंद आहे, कारण ती घडलेली आहे आणि आगाराच्या आवक वहीत तिचा पुरावा आहे. अशा गोष्टी शिस्तीने गोळा करण्याची ‘मोस्ट सिग्निफिकंट चेंज’ (सर्वांत महत्त्वाचा बदल) नावाची एक पद्धत उपलब्ध आहे. रिक डेव्हिस यांनी ती १९९० च्या दशकात बांगलादेशातील एका ग्रामीण विकास कार्यक्रमासाठी तयार केली आणि २००५ मध्ये जेस डार्ट यांच्यासह तिची सविस्तर मार्गदर्शिका मोफत उपलब्ध करून दिली. प्रत्येक गटाने गेल्या तीन महिन्यांतला आपल्याला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला एक बदल सांगायचा, तो जसाच्या तसा लिहायचा, तालुका पातळीवरील बैठकीत त्यांतून काही निवडायचे आणि ते का निवडले याचे कारणही लिहून ठेवायचे. ही कारणेच संस्थेला पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडतात. ‘बेटर इव्हॅल्युएशन’ या संकेतस्थळावर हिची आणि इतर अनेक पद्धतींची माहिती विनामूल्य आहे, फक्त ती इंग्रजीत आहे.

नोंदवही

मी परभणी जिल्ह्यात याच वयोगटासोबत काम करते, म्हणून तुमच्या तारखांबद्दल आधी विचारते. मार्चच्या एंडलाइनला जूनमधील किती मुले भेटली? तुमच्या भागातील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. मार्चमध्ये गावात असतात ती न गेलेल्या घरांची मुले, किंवा आजीजवळ ठेवलेली. आईबापांबरोबर गेलेली मुले तुमच्या दुसऱ्या पाहणीत नाहीतच, आणि शाळा सुटण्याचा व लवकर लग्न होण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो. दोन वेगवेगळ्या मुलांच्या गटांची तुलना करून तुम्ही बदल मोजला असण्याची शक्यता आहे. दोन्ही पाहण्या जुलै-ऑगस्टमध्ये, एक वर्षाच्या अंतराने घ्या. देणगीदारांचे आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते हे खरे, पण त्यांना कारण समजावून सांगितल्यास बहुतेक जण ऐकतात.

आता मराठी साधनांबद्दल. लिंगसमानतेच्या दृष्टिकोनासाठी ‘जेम’ श्रेणी, म्हणजे सहमत-असहमत सांगण्याच्या विधानांची यादी, आहे. ती मुळात ब्राझीलमधील तरुणांसाठी तयार झाली आणि ‘यारी दोस्ती’ या कार्यक्रमाच्या निमित्ताने कोरो, पॉप्युलेशन काउन्सिल आणि प्रोमुंडो या संस्थांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये ती वापरली. त्यानंतर आयसीआरडब्ल्यू ही संशोधन संस्था, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी ‘जेम्स’ या नावाने मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी कार्यक्रम केला. काही शाळांत वर्ग आणि मोहीम, काही शाळांत फक्त मोहीम आणि काही शाळा तुलनेसाठी अशी त्याची रचना होती. त्याचे अहवाल व साहित्य खुले आहे आणि ते शोधून वाचण्याची मी आग्रहाने शिफारस करते. वाचनाच्या आणि गणिताच्या पायाभूत पातळीसाठी ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीची चाचणी मराठीत तयार आहे. २०१७ आणि २०२३ मध्ये तिची पाहणी खास १४ ते १८ वयोगटासाठी झाली. मोजपट्टीने लांबी सांगणे, घड्याळ पाहून वेळेचा हिशोब करणे, सवलतीचा हिशोब यांसारखी रोजच्या व्यवहारातली कामे तिच्यात मुलांना करायला दिली होती, आणि स्वतःबद्दल मत विचारण्यापेक्षा असे काम देऊन पाहणे मला नेहमीच अधिक भरवशाचे वाटते.

मुलांच्या भावनिक अडचणींसाठी रॉबर्ट गुडमन यांची २५ विधानांची ‘एसडीक्यू’ प्रश्नावली जगभर वापरतात, पण तिचे हक्क राखीव आहेत आणि परवानगीशिवाय तिचे स्वतः भाषांतर करता येत नाही, ही गोष्ट अनेक संस्थांना ठाऊक नसते. अधिकृत भाषांतर असेल तेच जसेच्या तसे वापरावे.

कोणतेही साधन घेतले तरी ते मुलांसमोर घासूनपुसून पाहावे लागते. आमच्याकडे ‘मुलींनी लग्नानंतर नोकरी करू नये’ या विधानाला ‘असहमत’ म्हणायचे असलेली मुलगी ‘सहमत’वर खूण करत होती. मी शेजारी बसून विचारले तेव्हा ती म्हणाली, “नोकरी करावी, हे मला मान्य आहे, म्हणून सहमत.” वाक्यातला ‘नये’ तिने वाचला होता, पण नकाराला नकार देण्याची ती कसरत तिला विचित्र वाटली आणि तिने सरळ आपले मत नोंदवले. तिचे मत आमच्या मताशी जुळणारे होते आणि आमच्या तक्त्यात ते उलटे गेले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक विधान आठ-दहा मुलांना मोठ्याने वाचायला लावतो, ‘हे तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणतो आणि त्यांनी वापरलेला शब्द प्रश्नात घेतो. ‘निर्णयप्रक्रियेतील सहभाग’ हा शब्दप्रयोग त्यात गळून पडला आणि त्याच्या जागी ‘तुझ्या शाळेबद्दल घरात काही ठरत असेल तर तुला विचारतात का’ असा प्रश्न आला. पाच पर्यायांच्या श्रेणीऐवजी आम्ही रिकामा, अर्धा आणि भरलेला असे तीन तांबे चित्रात काढून दाखवतो. लहान मुलांना ते चटकन समजते.

बालाघाट

@नोंदवही, तुमचा अंदाज बरोबर निघाला. जूनच्या ४१० मुलांपैकी मार्चमध्ये २६३ भेटली, आणि आम्ही दोन्ही वेळची सरासरी सरळ समोरासमोर ठेवली होती. हे इतके दिवस आमच्या लक्षात आले नाही याचे वाईट वाटते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेजारच्या गावांत, जिथे आमचे गट नाहीत, तिथे तुलनेसाठी पाहणी करावी असे एका सल्लागारांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का? आणि बालविवाहाच्या संदर्भात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील जिल्ह्याचा आकडा आमची बेसलाइन म्हणून वापरता येईल का?

मोजपट्टी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के आले. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर, हे काम तुमच्या जिल्ह्यात का हवे हे सांगण्यासाठी ते आकडे द्यावेत. परंतु ते २० ते २४ वयाच्या स्त्रियांकडून घेतलेले आहेत, म्हणजे त्यांतली अनेक लग्ने पाहणीच्या चार-आठ वर्षे आधीची आहेत, शिवाय ते संपूर्ण जिल्ह्याचे आहेत. तुमच्या २४ गावांत आज काय घडते आहे ते त्यांवरून कळणार नाही आणि तुमच्या कामामुळे तो आकडा हलणारही नाही.

तुलनेबद्दल मराठवाड्यातलेच एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम चालवला. आठवड्यातले पाच दिवस, रोज संध्याकाळी तासभर, असे त्याचे स्वरूप होते. त्यांनी केवळ वर्गात येणाऱ्या मुलींचे न पाहता त्या परिसरातील मुलींच्या लग्नाचे वय पाहिले आणि कार्यक्रम नसलेल्या परिसराशी त्याची तुलना केली. काही वर्षांत कार्यक्रमाच्या परिसरात लग्नाचे मध्यक वय (ज्या वयाच्या आत निम्म्या मुलींची लग्ने होतात ते) १६ वरून १७ वर गेले. यात शिकण्यासारखी गोष्ट अशी की जी मुलगी स्वतःहून वर्गाला येते तिच्या घरची माणसे बहुधा आधीपासूनच थोडी वेगळी असतात, म्हणून गटात येणाऱ्या मुलींची न येणाऱ्यांशी तुलना केली तर कार्यक्रमाचे श्रेय फुगते. गावाची गावाशी तुलना केल्यास ही चूक बरीच कमी होते.

तुम्ही आता नव्या गावांत जाणार असाल तर सगळीकडे एकदम सुरुवात करू नका. गावांची नावे चिठ्ठ्यांवर लिहा, ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या काढा, निम्म्या गावांत यंदा आणि निम्म्या गावांत पुढच्या वर्षी काम सुरू करा. जी गावे थांबणार आहेत ती या वर्षी तुमची तुलनेची गावे होतील आणि कोणालाही कायमचे वंचित ठेवल्याचा दोष येणार नाही. अर्थात, समजा बारा विरुद्ध बारा गावे घेतली तरी त्या तुलनेत लहान बदल दिसणार नाहीत. एका गावातली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे मुलांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघत नाही, आणि कोणी नुसत्या मुलांच्या संख्येवरून नमुन्याचा हिशोब करून देत असेल तर तो मान्य करू नये.

शाळेचीवाट

इथे सर्व चर्चा मुलांमध्ये काय बदलले याची चालू आहे. शनिवारच्या त्या दोन तासांत प्रत्यक्ष काय होते, याची नोंद कोणी ठेवते का? माझ्या मते लहान संस्थेने सुरुवात तिथून करावी. संगात ही गोव्यातील संस्था बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये एक कार्यक्रम राबवत होती. अभ्यासक्रम एकच होता, पण काही शाळांत तो खास नेमलेल्या स्थानिक समुपदेशकांनी चालवला आणि काही शाळांत शिक्षकांनी. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले आणि शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तुलनेच्या शाळांपेक्षा फरक पडला नाही. हा निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कागदावरचा कार्यक्रम एकसारखा असूनही तो कोण आणि कसा चालवतो यावर सारे अवलंबून होते.

गटाची बैठक पाहून गुण देण्यासाठी अमेरिकेतील वायकर्ट सेंटरचे निरीक्षणाचे साधन आहे. सुरक्षित वातावरण, आधार, परस्परसंवाद आणि सहभाग अशा चार भागांत ते विभागलेले असून प्रत्येक बाबीला १, ३ किंवा ५ गुण देतात. ते जसेच्या तसे आणण्याची गरज नाही, पण त्यामागची कल्पना फार उपयोगी आहे. आम्ही मराठीत एक पानाचा तक्ता केला. बैठकीत कोणकोण बोलले, ताईने विचारलेल्या प्रश्नानंतर ती उत्तरासाठी थांबली का, मुलांनी स्वतः काही ठरवले का, मागच्या रांगेतील मुलाचे नाव घेतले गेले का, एवढेच त्यात आहे. दर महिन्याला एका गावची ताई दुसऱ्या गावची बैठक पाहते आणि नंतर दोघी चहा घेत त्यावर बोलतात. वर्षभरात आम्हाला जाणवलेली सर्वांत मोठी सुधारणा ‘थांबण्या’त झाली. पूर्वी प्रश्न विचारून ताई स्वतःच उत्तर देऊन टाकत असे.

परवानगीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही हवा, सात ते बारा वयात तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत साध्या भाषेत लेखी. तुमच्याकडे पालक तोडीवर जातात, तेव्हा त्यांची सही ते गावात असतानाच घ्यावी. ‘तू सांगितलेले कोणालाच सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि वचन देऊन ते मोडावे लागले तर त्या मुलाचा पुन्हा कोणावर विश्वास बसणार नाही. ‘तू धोक्यात आहेस असे वाटले तर मी मदत मागेन, आणि कोणाकडे मागणार ते तुला आधी सांगेन’ हे वाक्य आमच्या ताई पाठ करतात. पाहणीला निघण्याआधी मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक आणि तालुक्यातील बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्यांची नावे प्रत्येकीच्या वहीत असावीत.

माहिती भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स वापरावे. ते मराठीत चालते, रेंज नसलेल्या वाडीतही फॉर्म भरून ठेवता येतो आणि सामाजिक संस्थांना मोफत खाते मिळते. मोबाइलमधल्या यादीत मुलांची नावे ठेवू नयेत. प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्यावा आणि नाव-क्रमांकाची यादी कार्यालयातील कुलपाच्या कपाटात वेगळी ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तेच मूल जुळवता येईल आणि एखादा फोन हरवला तरी कोणाची खाजगी गोष्ट गावभर होणार नाही.

बालाघाट

सर्वांचे मनापासून आभार. परवाच्या बैठकीत आम्ही ६२ प्रश्नांचे १८ केले. पाहणी ऑगस्टमध्ये होईल आणि एका गावची प्रश्नावली दुसऱ्या गावची ताई घेईल. संमतीचे काम पोळ्याआधी संपवायचे ठरले आहे. नव्या गावांच्या चिठ्ठ्यांचा विचार कार्यकारिणीपुढे ठेवला असून तो सर्वांना पटलेला दिसतो.

@नोंदवही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी शनिवारी आगारात अर्ज देऊन आलेल्या त्या मुलीजवळ बसले आणि ‘मी घरात माझे मत मांडू शकते’ हे वाक्य तिला तिच्या शब्दांत सांगायला लावले. ती म्हणाली, “मागच्या वर्षी मला वाटलं, आई विचारते आज भाजी कोणती करू आणि मी सांगते, तेच मत. आता मला बाबांना सांगायचं आहे की यंदा मला तोडीला नेऊ नका, आजीजवळ राहून दहावी करते. ते अजून सांगता आलेलं नाही.” त्या एका प्रश्नाचे आम्ही आता तीन प्रश्न केले आहेत, एक रोजच्या गोष्टींबद्दल, एक शाळेबद्दल आणि एक तोडीला जाण्याबद्दल. तिच्या ताईला मी दसऱ्याआधी तिच्या घरी जाऊन यायला सांगितले आहे.